समुद्र उजव्या हाताला

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सूत्रसंचालकांनी मला 'माझा प्रवास' हा विषय आणि पंधरा मिनिटं दिली आहेत. आधीच सांगून टाकतो, हा प्रवास अजून झालेला नाही. येत्या मे महिन्यात व्हायचा आहे. त्यामुळे फोटो दाखवायला काही नाही, आणि ज्यांना फोटोंची भीती वाटते त्यांनी निर्धास्त बसावं. मी बोलणार आहे ते तयारीबद्दल. गेले सात महिने आमच्या ओटीवर फ्रान्सचा नकाशा पसरलेला आहे आणि त्याच्याभोवती चार माणसं भांडतायत. चौघंही आपल्याच शाळेची, त्यातली तिघं तर आपल्याच १९८० च्या दहावीच्या वर्गातली.

भूगोलाच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, तुमचा एक प्रश्न ठरलेला असायचा: भूमध्य सागरी हवामानाच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, कारणे द्या. उन्हाळ्यात तिथे जास्त दाबाचा पट्टा उत्तरेला सरकून बसतो म्हणून आभाळ कोरडं. हिवाळ्यात तो दक्षिणेला सरकला की पश्चिमी वारे पाऊस घेऊन येतात. हे उत्तर घोकलं तेव्हा त्याचा उपयोग काय होणार आहे हे कुणाला माहीत होतं! पंचेचाळीस वर्षांनी त्याच उत्तरावर आम्ही तारखा ठरवल्या. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा: पाऊस नाही, जुलै-ऑगस्टचा कडक उन्हाळा नाही, आणि फ्रेंचांच्या शाळांना मोठी सुट्टी लागलेली नाही. सुट्टी लागली की सारा देश गाड्या काढून दक्षिणेला, समुद्राकडे निघतो. शनिवारी मुंबई-अहमदाबाद हायवेवर काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. तिथे असल्या शनिवारांना 'काळा शनिवार' असंच म्हणतात, आणि सरकारच त्याचं वेळापत्रक आधी जाहीर करतं.

आता खरं कारण सांगतो. ही गोष्ट सांगायला मी हिची परवानगी घेतली आहे. ही म्हणजे माझी बायको, आपल्या वर्गातली दुसऱ्या बाकावरची. तिला काचबिंदू आहे. चार वर्षांपूर्वी कळलं. बाहेरून डोळ्यांत काही दिसत नाही, म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. डोळ्यातला दाब नस खराब करतो आणि नजर कडेकडेने आत सरकत येते. मधलं दिसतं, बाजूचं जातं. आमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. रोज रात्री थेंब घालायचे, दर काही महिन्यांनी तपासायचं. तिचा डावा डोळा बराच गेलाय, उजवा अजून चांगला आहे. किती वर्षं चांगला राहील हे कुणी सांगू शकत नाही. मागच्या मे महिन्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, "बघायचं ते आता बघून घेऊ या." एवढंच. रडणं वगैरे काही नाही, तुम्ही तिला ओळखताच.

मी विचारलं, कुठं? ती म्हणाली, "समुद्र. पण आपला नाही. निळा."

तेव्हा ही सहल ठरली. सोबत आमचा टेम्पोवाला मित्र आणि त्याची बायको, जी आपल्याला दोन वर्षं मागे होती. तीस वर्षं त्याने वसईची भाजी आणि फुलं रात्री दोन वाजता दादरला पोचवली आहेत. त्याला मी गाडीचं विचारलं तर तो म्हणाला, "स्टेअरिंग डावीकडे असू दे नाहीतर छपरावर असू दे, मी चालवतो." त्याची बायको हिशेब बघते. म्हणजे पैशाची वही तिच्याकडे, किल्ली त्याच्याकडे, नकाशा माझ्याकडे आणि शेवटचा शब्द हिच्याकडे.

पहिला आराखडा मित्राचा. पॅरिसला उतरायचं, तिथेच गाडी घ्यायची आणि बरगंडी, लिऑन करत ऱ्होन नदीच्या कडेने खाली समुद्राला जायचं. सगळे पर्यटक असेच जातात. एका ट्रॅव्हल एजंटाने तर हाच मार्ग आठ दिवसांत बसवून दिला, रोज साडेतीनशे किलोमीटर. हिने तो कागद वाचला आणि विचारलं, "यात बघायचं कधी?" तो कागद तिथेच संपला.

दुसरी अडचण तुम्ही सगळ्यांनी निर्माण केलीत. फ्रान्सला जातोय म्हटल्यावर पापडीत एकही माणूस असा भेटला नाही ज्याने विचारलं नाही, "लूर्दला जाणार ना?" चर्चच्या पायरीवर, केळीच्या वखारीत, बँकेत, सगळीकडे. लूर्द आहे नैर्ऋत्येला, पिरेनीज डोंगराच्या पायथ्याशी. मित्राच्या मार्गापासून ते शेकडो किलोमीटर बाजूला पडतं. मी म्हटलं, या खेपेला राहू दे. हिच्या आईच्या खाटेच्या वर आयुष्यभर लूर्दमातेची तसबीर होती. ११ फेब्रुवारीला त्या घरात मेणबत्ती पेटल्याशिवाय चहा होत नसे. त्यामुळे 'राहू दे' हे चालणार नव्हतं. पण हिने एक गोष्ट स्पष्ट केली, आणि ती मला फार पटली. ती म्हणाली, "मी डोळे मागायला जात नाही. आईच्या नावाने मेणबत्ती लावायला जाते." १८५८ साली चौदा वर्षांच्या बर्नादेतला तिथे दर्शन झालं, तेव्हापासून हजारो लोकांनी बरं झाल्याचं सांगितलं, चर्चने तपासून अधिकृत मान्य केलेले चमत्कार मात्र ऐंशीच्याही आत आहेत. चर्चच इतकं सावध असेल तर आम्ही नवसाची भाषा का करावी?

तर लूर्द पक्कं झालं, आणि मी नकाशा उलटा धरला. वरून खाली जाण्याऐवजी डावीकडून उजवीकडे. पॅरिसहून लूर्दला थेट वेगवान रेल्वे आहे, पाच तासांच्या आत पोचवते. दोन रात्री तिथे. मग रेल्वेनेच तुलूज, आणि गाडी तुलूजला घ्यायची. तिथून पूर्वेकडे समुद्र गाठायचा आणि किनारा धरून नीसपर्यंत जायचं, नीसहून परतीचं विमान.

आणि मग रात्री अकरा वाजता माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जिच्यामुळे मी हिला झोपेतून उठवलं. फ्रान्समध्ये गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. चालक डावीकडे बसतो, शेजारचा माणूस उजवीकडे. पश्चिमेकडून पूर्वेकडे किनाऱ्याने गेलं तर समुद्र दक्षिणेला, म्हणजे उजव्या हाताला. हिची खिडकी समुद्राकडे, तिचा चांगला डोळा समुद्राकडे, आणि मध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची रांगही नाही. उलट दिशेने, नीसहून निघालो असतो तर तिच्या बाजूला डोंगर आणि माझ्या मित्राच्या बाजूला समुद्र! रस्ता तोच, देखावा तोच, पण ती त्यातलं निम्मंही बघू शकली नसती. प्रवासाची एवढी पुस्तकं चाळली, पण गाडीत कोण कुठे बसणार हे कुणी विचारात घेतलेलं दिसलं नाही. लूर्दचा आग्रह धरणाऱ्या पापडीकरांचे त्यासाठी आभार.

आता मार्ग सांगतो, सगळा नाही, आवडीचा तेवढा.

तुलूजपासून कार्कासोन शंभर किलोमीटरही नाही. वाटेत एक जुना कालवा सोबत असतो, कॅनाल दु मिदी. सतराव्या शतकात रिके नावाच्या माणसाने तो खणला, तुलूजपासून भूमध्य समुद्राकाठच्या खाडीपर्यंत सुमारे २४० किलोमीटर. खणणं कठीण नव्हतं, कठीण होतं ते मधल्या उंचवट्यावर उन्हाळ्यात पाणी आणणं. त्याने डोंगरातले ओढे अडवून ते पाणी बरोबर त्या माथ्यावर आणून सोडलं, तिथून ते दोन्ही बाजूंना वाहतं. १६८१ मध्ये कालवा सुरू झाला. रिके त्याच्या काही महिने आधी वारला. ज्यांच्या वाडीत बावखल आहे, त्यांना पाणी साठवणं आणि उतारावर फिरवणं म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. काठावरची चिनारासारखी मोठी झाडं बुरशीच्या रोगाने मरतायत, हजारो तोडावी लागली. म्हणून जिथे सावली शिल्लक आहे तिथेच थांबायचं ठरवलंय.

कार्कासोनचा किल्ला एकोणिसाव्या शतकात दुरुस्त केला, इतका की काही जाणकार म्हणतात जरा जास्तच. मला ते वाचून हसू आलं. आपल्या वसईच्या किल्ल्याला जरा जास्त दुरुस्तीचा त्रास कधी झालेला नाही.

तिथून पावणेदोनशे किलोमीटरवर एग्-मोर्त. या नावाचा अर्थ 'मेलेलं पाणी'. आमच्या सगळ्या सहलीत मला सर्वात जास्त उत्सुकता या गावाची आहे. तेराव्या शतकात फ्रान्सच्या राजाला भूमध्यावर स्वतःचं बंदर हवं होतं म्हणून ते वसवलं. नववा लुई १२४८ आणि १२७० अशा दोन धर्मयुद्धांना इथूनच जहाजाने निघाला. पुढे गाळ साचत गेला, बंदर उपयोगाचं राहिलं नाही आणि तटबंदीचं गाव मागे राहिलं. सोपाऱ्याच्या बंदराची कथा आठवते ना? तशीच. त्या तटावरून सोळाशे मीटरची फेरी मारता येते, आणि दक्षिणेला नजर टाकली की काय दिसतं? मिठागरं! चौकोनी आगरं, बांध आणि मिठाच्या पांढऱ्या राशी, फक्त पाणी गुलाबी. फार खारट पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे तो रंग येतो. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं बालपण मिठागराच्या बांधावरून सायकल चालवण्यात गेलं. फ्रान्सला जाऊन मिठागरं बघणार म्हटल्यावर माझा मुलगा हसतो. हसू दे. हिला लांबचं, मोकळं, सपाट नीट दिसतं. बुरुजातले अंधारे जिने तिच्यासाठी नाहीत. म्हणून त्याच गावातल्या कॉन्स्टन्स बुरुजात मी एकटा जाणार आहे. मारी द्युराँ नावाच्या प्रोटेस्टंट बाईला धर्म सोडत नाही म्हणून तिथे ३८ वर्षं कोंडून ठेवलं होतं, आणि दगडात कोरलेला 'प्रतिकार करा' हा शब्द तिचाच असं मानतात.

एग्-मोर्तच्या पूर्वेला कामार्ग, ऱ्होन नदीचा त्रिभुज प्रदेश. इथे आमचा मित्र जागा झाला, कारण कामार्गमध्ये भात होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तिथली भातशेती वाढली, आणि त्यात फ्रान्सने सक्तीने आणलेल्या व्हिएतनामी मजुरांचे हात होते. भाताचा उपयोग नुसता खाण्यापुरता नाही. नदीचं गोडं पाणी शेतात उभं केलं की ते जमिनीतलं मीठ खाली दाबतं. खाजणात भात लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मे अखेरीस ती शेतं पाण्याने भरलेली असतात. मित्र म्हणतो, त्याला एका बांधावर अर्धा तास सोडून द्या, बाकी किल्ले तुम्ही बघा.

तारखा ज्या एका दिवसाभोवती बांधल्या तो दिवस २४ मे. त्या दिवशी कामार्गच्या टोकाला, सेंत-मारी-द-ला-मेर या समुद्रकाठच्या गावात सारा नावाच्या सावळ्या संतिणीची मूर्ती मिरवणुकीने समुद्रात नेतात. पांढऱ्या घोड्यांवरचे गुराखी सोबत पाण्यात उतरतात. ही सारा रोमा लोकांची, ज्यांना आपण जिप्सी म्हणतो. सगळ्या युरोपातून ते त्या दिवशी तिथे जमतात. चर्चने तिला अधिकृतपणे संतपद दिलेलं नाही, त्याने त्यांचं काही अडलेलं नाही. या लोकांचे पूर्वज हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरून कळतं. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी म्हणतात, कानाला कान, नाकाला नाख, डोळ्याला याख. मूर्ती वाजतगाजत समुद्रात नेणं आणि डोळ्याला आँख म्हणणं, एवढ्या ओळखीवर आम्ही चौघं त्या गर्दीत उभे राहणार आहोत. तिथे राहायची जागा मिळणं कठीण, म्हणून मुक्काम आर्लला, सुमारे चाळीस किलोमीटर आत.

मग मार्सेय. गाडीसाठी हे शहर डोकेदुखी आहे असं सगळे सांगतात, पण वगळायचं नाही. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीच्या छोट्या खिडकीतून सावरकरांनी उडी मारली ती याच बंदरात. किनाऱ्यावर पोचलेही, पण फ्रेंच पोलिसाने पकडून परत बोटीवर दिले. परक्या भूमीवर पकडलेला माणूस असा परत देता येतो का, यावर हेगच्या लवादात खटला चालला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. चार वर्षांनी, सप्टेंबर १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धासाठी हिंदी सैनिकांच्या तुकड्या याच धक्क्यावर उतरल्या. शहराच्या माझार्ग भागात त्यांचं स्मारक आहे. माझे वडील बोटीवर कामाला होते, त्यांच्या तोंडून 'मार्सेल्स' हे नाव मी शाळेत जायच्या आधी ऐकलं होतं. धक्क्यावर पाच मिनिटं उभं राहायचंय, त्यासाठी पार्किंगचे पैसे द्यायला वहीवाल्या वहिनींनी मंजुरी दिली आहे.

मार्सेयच्या पुढे मात्र सहलीचा गाभा. कासी गावाहून ला सिओता गावापर्यंत डोंगरमाथ्यावरून पंधरा किलोमीटरचा रस्ता आहे. कड्याची उंची ३९४ मीटर, म्हणजे एखादा डोंगर थेट समुद्रात कापलाय असं समजा. वारा जोरात असला किंवा वणव्याचा धोका असला की हा रस्ता बंद ठेवतात. तिथे मिस्त्राल नावाचा वारा उत्तरेकडून सुटतो, कधी ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. त्याच्यासाठी जुनी घरं उत्तरेला पाठ करून बांधलेली असतात आणि शेताच्या कडेला सुरूसारख्या उंच झाडांच्या रांगा लावतात. पण तो वाहून गेला की हवा इतकी स्वच्छ होते की लांबचं लख्ख दिसतं. म्हणून कासीला एक नाही, तीन रात्री. एक दिवस वाऱ्याचा गेला तर दुसरा हाताशी हवा. इथे पैसे वाचवायचे नाहीत हे चौघांचं एकमत.

शेवटचा टप्पा एस्तरेल. सेंत-राफाएलहून कानच्या दिशेने, लाल खडकांच्या कडेने जाणारा रस्ता. १९०३ साली खास मोटारींच्या सहलीसाठी तो खुला केला. लाल दगड, हिरवी झाडं, खाली निळं पाणी. हिला जे निळं म्हणायचं होतं ते हेच असावं. सकाळी पूर्वेकडे जाताना ऊन समोरून डोळ्यांत येतं आणि तिला चकाकी सोसत नाही, म्हणून हा टप्पा दुपारनंतर. मे अखेरीस तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, घाई नाही. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हा नियम साऱ्या प्रवासाला लागू आहे.

आता पुष्कळांनी विचारलेल्या गोष्टी भराभर. व्हिसा शेंगेन, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या विरारच्या आर.टी.ओ.त मिळतो, एक वर्ष चालतो, पण मूळ परवाना सोबत हवाच. गाडी ऑटोमॅटिक मागा. डावीकडे बसून उजव्या हाताने गिअर टाकायची सवय लावण्याचं हे वय नाही. गाडी ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्ड त्याच्याच नावाचं लागतं. हायवेवर वेग १३०, पावसात ११०, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ८०. गावात खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो लहान गल्लीतून आला तरी. हे ऐकून मित्र अस्वस्थ झाला. पापडी नाक्यावर तीस वर्षं ज्याचा हॉर्न मोठा तो आधी गेला आहे.

थेंबांची न उघडलेली बाटली थंड ठेवावी लागते आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ती खराब होते, म्हणून छोटी थंड पेटी कायम सोबत. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट, कंपनीच्या नावाने नको, कारण तिथलं दुकान आपली कंपनी ओळखणार नाही. डोळ्यांचा आजार असलेले आपल्यातले आणखी दोघं-तिघं मला मघाशी भेटले. त्यांनी हिच्याशी बोलावं, ती माझ्यापेक्षा नीट सांगेल.

परतीचं विमान नीसहून ४ जूनला. त्याला कारण मित्राची वाडी. मिरगाच्या आधी त्याला घरी पोचायचंय, आणि त्याने मला स्पष्ट सांगितलंय, "तुझा भूमध्य समुद्र थांबेल, माझा राब थांबणार नाही."

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख फेब्रुवारीतली आहे. तुमच्यापैकी कुणाची मुलं दक्षिण फ्रान्समध्ये असतील तर जेवायच्या सुट्टीत मला गाठा, आर्लमध्ये तळमजल्यावरची, जिना नसलेली खोली अजून मिळालेली नाही. नकाशा मी पिशवीत आणलाय, खालच्या वर्गात फळ्याशेजारी लावून ठेवतो.